गोळी कोण चुकवतो?

रुग्ण औषधे नेमाने घेत नाहीत, ही तक्रार आज वैद्यकीय परिषदांतील व्याख्यानांपासून सरकारी परिपत्रकांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांच्या बाबतीत ती अधिकच त्राग्याने केली जाते. दिवसाकाठी एक लहानशी गोळी. एवढेही ज्याच्या हातून होत नाही त्याला काय म्हणावे, असा एकूण सूर असतो. अज्ञान, आळस, बेफिकिरी आणि नशिबावर हवाला ठेवण्याची वृत्ती ही कारणे मग ओळीने सांगितली जातात. आरोपपत्र तयार असते, आरोपी समोर बसलेला असतो, आणि तो बहुधा गरीब असल्यामुळे त्याची बाजू मांडणारे कोणी नसते. या आरोपपत्राची छाननी करणे हे समाजवादी कार्यकर्त्यांचे काम आहे. कारण एखाद्या सामाजिक अपयशाचे खापर व्यक्तीच्या स्वभावावर फोडले की राज्यकर्त्यांची जबाबदारी आपोआप संपते, हा अनुभव काही नवा नाही. बेकारीच्या प्रश्नावर 'तरुणांना काम नको आहे' असे सांगितले गेले, कुपोषणाच्या प्रश्नावर 'आयांना स्वयंपाक कळत नाही' असे सांगितले गेले. 'रुग्ण गोळी घेत नाही' हे विधान त्याच घराण्यातले आहे.

प्रश्न किरकोळ नाही. १९९० मध्ये भारतातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदयविकार, पक्षाघात आदी रक्ताभिसरणाच्या विकारांनी झाले होते. २०१६ पर्यंत हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार प्रौढ लोकसंख्येपैकी २४ टक्के लोकांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे. म्हणजे चार प्रौढांमागे जवळपास एक. हा आकडा एखाद्या उच्चभ्रू वस्तीतला नव्हे, साऱ्या देशाचा आहे.

उपाय आहे, पोहोचत नाही

या विकारावर औषध नसते तर गोष्ट निराळी होती. परंतु औषध आहे आणि त्याची परीक्षा पुरेपूर झालेली आहे. १९७३ मध्ये अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने पेनिसिलियम कुळातील एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य शोधून काढले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रिया ते मंदावते. मग यकृत रक्तातील घातक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर थर साचण्याचे प्रमाण घटते. या वर्गाला स्टॅटिन असे नाव आहे. १९८७ मध्ये त्यातील पहिले औषध अमेरिकेत विक्रीस आले. १९९४ मध्ये स्कॅंडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा औषध घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले. त्यानंतरच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून हेही सिद्ध झाले की घातक कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे ३९ मिलिग्रॅमने खाली आणले, तर हृदयविकार व पक्षाघाताच्या गंभीर घटना पाचांत एकाहून अधिक प्रमाणात टळतात. अर्थात हे सारे गोळी वर्षानुवर्षे घेतली तर. ती बंद केली की काही आठवड्यांतच कोलेस्टेरॉल पूर्वपदावर येते.

आता या औषधाचे वाटप जगात कसे झाले आहे ते पाहावे. २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात होऊन गेला होता, अशा लोकांपैकी किती जण स्टॅटिन घेतात, हे त्यात तपासले होते. श्रीमंत देशांत हे प्रमाण ६६.५ टक्के होते. भारताचा समावेश ज्या गरीब देशांच्या गटात होता, त्यांत ते ३.३ टक्के होते. इतकेच नव्हे, तर या गटातील ८० टक्के रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, स्टॅटिन यांपैकी एकही औषध घेत नव्हते.

बेशिस्तीचा सिद्धांत येथेच कोसळतो. स्वीडन आणि कॅनडातील माणसे जन्मतः शिस्तप्रिय आणि भारत, बांगलादेश, झिंबाब्वे येथील माणसे जन्मतः बेफिकीर, असे मानावयाचे असेल तरच तो टिकेल. शंभरांतील सत्त्याण्णव माणसे जेव्हा एकच चूक करतात, तेव्हा ती चूक माणसांची नसते. त्या पाहणीने हेच दाखवून दिले की औषध घेतले जाते की नाही हे रुग्णाच्या वैयक्तिक गुणावगुणांपेक्षा तो कोणत्या देशात राहतो यावर अधिक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने तर हे त्यापूर्वीच सांगितले होते. दीर्घकालीन आजारांतील औषधोपचाराच्या सातत्यावरील आपल्या २००३ च्या अहवालात संघटनेने विकसित देशांतही निम्मेच रुग्ण उपचार नेटाने चालू ठेवतात असे नमूद केले आणि उपचार खंडित होण्याची कारणे पाच वर्गांत मांडली: सामाजिक-आर्थिक परिस्थिती, आरोग्यव्यवस्था, रोगाचे स्वरूप, उपचाराचे स्वरूप आणि स्वतः रुग्ण. पाचांपैकी चार कारणे रुग्णाच्या बाहेरची आहेत. परंतु या देशात चौकशी होते ती पाचव्याची. उरलेले चार आरोपी मोकळे फिरतात. त्यांतले एक-दोन तर न्यायाधीशाच्या खुर्चीवरच बसलेले असतात.

न दिसणाऱ्या रोगाचे अर्थकारण

कोलेस्टेरॉल वाढल्याने ताप येत नाही, पोट दुखत नाही, कामावर जाणे अडत नाही. गोळी घेतल्याने बरे वाटत नाही आणि सोडल्याने वाईट वाटत नाही. रोगाची पहिली खूण कित्येकदा छातीतील कळ हीच असते, आणि काहींच्या बाबतीत तीच शेवटचीही ठरते. म्हणजे लाभ आहे तो दहा-वीस वर्षांनंतरचा, तोही संभाव्य. खर्च आहे तो आजचा आणि निश्चित.

ज्याचे उत्पन्न निश्चित आहे, त्याला भविष्यासाठी आज खर्च करणे जमते. ज्याचे उद्याचे काम नक्की नाही, त्याच्यापुढे मुलाची वही, घरभाडे, सावकाराचा हप्ता आणि न दिसणाऱ्या रोगाची गोळी असे पर्याय असतील, तर तो गोळी मागे ठेवणार. यात अज्ञान कोठे आले? तो अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील विवेकी ग्राहकासारखाच वागत असतो. त्याचा विवेक नव्हे, त्याच्यापुढील पर्याय सदोष आहेत.

शिवाय औषधाची किंमत म्हणजे वेष्टनावर छापलेला आकडा नव्हे. इचलकरंजीतील यंत्रमाग कामगार किंवा सोलापुरातील विडी कामगार स्त्री सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात जाते, तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडते. एस.टी.चे भाडे लागते. केसपेपरच्या रांगेत सकाळ जाते, डॉक्टरांच्या रांगेत दुपार जाते आणि औषधाच्या खिडकीवर 'ही गोळी बाहेरून घ्या' असे ऐकावे लागते. गोळी मिळालीच तर थोड्या दिवसांची. मग पुन्हा तीच मजुरी, तेच भाडे, तीच रांग. दर महिन्याला एक दिवसाची मजुरी हा या तथाकथित मोफत औषधाचा खरा दर आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले, हा निर्णय स्वागतार्हच होता. परंतु केसपेपर फुकट झाल्याने कपाट भरत नाही. रिकाम्या कपाटातील औषध फुकट असले काय आणि विकतचे असले काय, रुग्णाला दोन्ही सारखेच.

पथ्याची कथा याहून निराळी नाही. तेल बदला, फळे व भाज्या वाढवा, रोज चाला, असा उपदेश चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेला असतो. पामतेलात रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या स्निग्धांशाचे प्रमाण मोठे असते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. आणि २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेसोबत एक लिटर पामतेलच होते. शासनाचा एक हात पथ्य सांगतो आणि दुसरा हात कुपथ्य वाटतो; मध्ये उभ्या असलेल्या गृहिणीने मात्र शिस्त पाळावयाची!

किंमत कोण ठरवते

स्टॅटिन भारतात तयार होते आणि जगभर निर्यातही होते. हे आपोआप घडलेले नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनावर पेटंट देणे नाकारले, केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर दिले. त्यामुळे भारतीय कारखान्यांना तीच औषधे निराळ्या प्रक्रियेने स्वस्तात बनवता आली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापोटी १ जानेवारी २००५ पासून हा कायदा बदलावा लागला. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखी जुनी औषधे वाचली. परंतु कोलेस्टेरॉलवर वर्षातून दोनदा घ्यावयाची जी नवी इंजेक्शने आली आहेत, ती पेटंटच्या तटबंदीआड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर उभी आहेत. रोज गोळी घेण्याच्या कटकटीतून सुटकेचा मार्ग विज्ञानाने शोधला, पण तो ज्याला सर्वाधिक हवा त्याच्यासाठी बंद आहे.

जी औषधे पेटंटमुक्त आहेत, त्यांची लूट व्यापारी नावांतून चालते. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ मध्येच शिफारस केली होती की औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करून ती मूळ नावाने विकावीत. अर्धशतक उलटले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना मूळ नावाने औषध लिहिणे बंधनकारक करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. औषधाच्या बाजारात निवड करणारा डॉक्टर, गोळी खाणारा रुग्ण आणि पैसे देणारा त्याचा मुलगा. ग्राहक निवड करतो आणि स्पर्धेमुळे किंमत उतरते, हा बाजाराचा मूळ सिद्धांत येथे लागूच होत नाही. तीच गोळी सरकारी घाऊक खरेदीत एका दराने मिळते आणि पेठेतील दुकानात चकचकीत वेष्टनात कित्येक पटीने महाग विकली जाते. या फरकात विज्ञानाचा वाटा नाही, विक्रीयंत्रणेचा आहे.

किंमत नियंत्रणाचा इतिहासही असाच उतरणीचा आहे. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ मूळ औषधद्रव्ये नियंत्रणात होती. १९८७ मध्ये ती १४२ राहिली, १९९५ मध्ये ७४. २०१३ च्या आदेशाने आवश्यक औषधांची यादी पुन्हा नियंत्रणाखाली आणली खरी, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन त्या यादीत आहे. परंतु कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरवण्याचे सूत्र टाकून बाजारातील प्रमुख नाममुद्रांच्या किमतींची सरासरी काढण्याचे सूत्र त्यात आले. चोरीच्या मालाची सरासरी काढून तिला वाजवी भाव म्हणावे, तसाच हा प्रकार. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाच्या नावाखाली या औषधांच्या कमाल किमती २०२२ मध्ये १० टक्क्यांहून अधिक आणि २०२३ मध्ये १२ टक्क्यांहून अधिक वाढवू देण्यात आल्या. त्या दोन वर्षांत कोणत्या कंत्राटी कामगाराची मजुरी या गतीने वाढली?

सार्वजनिक क्षेत्राचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ मध्ये पेनिसिलिनसाठी उभा राहिला. नफ्यासाठी नव्हे, देशाला औषध मिळावे म्हणून. स्टॅटिनचा शोध ज्या बुरशीच्या कुळातून लागला, त्याच कुळाच्या आधारे या कारखान्याने एक पिढी वाचवली. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तो विकावयास काढण्याचा निर्णय घेतला. नव्या काळाच्या रोगांवरील औषधे तेथे निघावीत अशी योजना का झाली नाही, हा प्रश्न विचारणारे फार थोडे होते.

शस्त्रक्रियेला पैसा, गोळीला नाही

सरकार आरोग्यावर खर्च करतच नाही असे नव्हे. २०१८ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले. महाराष्ट्रात त्यापूर्वी २०१२ पासूनच जीवनदायी योजना होती. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनांतून हृदयाच्या शस्त्रक्रिया व अँजिओप्लास्टी होतात आणि त्यांनी अनेक गरिबांचे प्राण वाचवले आहेत, हे मान्य करण्यात कोणताही कमीपणा नाही.

परंतु या योजनांचा पाया रुग्णालयातील भरती हा आहे. आयुष्मान योजनेत घरी गेल्यानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंतच्या औषधांची सोय आहे. राज्याच्या योजनेत काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची तरतूद आहे. म्हणजे योजनेतून गोळी मिळवावयाची तर आधी हृदय फाडून घ्यावे लागते. ज्याचे कोलेस्टेरॉल वाढले आहे पण अद्याप झटका आलेला नाही, त्याच्यासाठी या योजनांत एक पैसाही नाही. झटका येऊ नये म्हणून जी गोळी, ती त्याने आपल्या खिशातून घ्यावी. झटका आला की सरकार खाजगी रुग्णालयाला पैसे देण्यास तयार आहे. आग लागू नये म्हणून बादलीभर पाणी देणार नाही, घर जळाले की कंत्राटदारामार्फत बांधून देऊ, असे हे धोरण आहे.

याचे कारण राज्यकर्त्यांना हिशेब कळत नाही हे नव्हे. अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्ये रुग्णालयाचा नफा आहे, उद्घाटनाची फीत आहे, लाभार्थ्याबरोबर छायाचित्र आहे. टळलेल्या झटक्याचे छायाचित्र निघत नाही. न मेलेल्या माणसाची बातमी होत नाही. तरी इच्छा असली म्हणजे काय होऊ शकते, हेही याच क्षेत्रात दिसले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवण्यात आली. त्यापूर्वी तेच स्टेंट लाखाच्या आसपास आणि वरही विकले जात होते. किंमत नियंत्रणाने आकाश कोसळले नाही, हृदयविभाग बंद पडले नाहीत.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. शासनाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता; २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो २.५ टक्के करण्याचे वचन दिले होते. गोळी चुकवल्याचा जाब रुग्णाला विचारणाऱ्यांनी चुकवलेल्या या वचनाचा जाब कोणाला विचारला?

चळवळीतील दोन गैरसमज

येथवरची टीका राज्यकर्त्यांवर आहे. परंतु परिवर्तनवादी चळवळीतही या प्रश्नाविषयी दोन गैरसमज मूळ धरून आहेत आणि त्यांचे निरसन केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिला गैरसमज असा की कोलेस्टेरॉल हा श्रीमंतांचा, तुपाळ जेवणाऱ्यांचा रोग आहे. श्रमिकांच्या चळवळीने क्षयरोग, हिवताप, कुपोषण यांकडे लक्ष द्यावे. वस्तुस्थिती उलट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की हृदयविकाराला कारणीभूत घटक श्रीमंत देशांत सर्वाधिक आहेत, परंतु त्या विकाराने मरण्याचे प्रमाण गरीब देशांत सर्वाधिक आहे. २०१९ मध्ये त्याच अभ्यासमालेने दाखवून दिले की गरीब देशांत कमी शिकलेल्या लोकांमध्ये जोखमीचे घटक तुलनेने कमी असूनही मृत्यू अधिक आहेत. रोग श्रीमंताला आधी होतो. मरतो मात्र गरीब. ज्या घरात एकच कमावता आहे, त्या घरातील पन्नाशीच्या माणसाला आलेला पक्षाघात हे साऱ्या कुटुंबाच्या कर्जबाजारीपणाचे कारण असते. याहून अधिक वर्गीय प्रश्न तो कोणता?

दुसरा गैरसमज अधिक सुशिक्षित आहे. कोलेस्टेरॉलची भीती हे औषधकंपन्यांचे कारस्थान आहे, निरोगी माणसाला रुग्ण ठरवून गोळ्या खपवण्याचा हा धंदा आहे, असे सांगितले जाते. औषधकंपन्या नफेखोर आहेत, हे मान्य. तपासणीच्या पॅकेजांचा बाजार मांडून गरज नसलेल्या माणसाला औषधांच्या मागे लावले जाते, हेही मान्य. पण भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याचा राग म्हणून कोणी धान्य खाणे सोडत नाही. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, ज्याला मधुमेह व रक्तदाब आहे, ज्याच्या घराण्यात लहान वयात हृदयविकार आहे, त्याला 'हे सारे थोतांड आहे' असे सांगणारा कार्यकर्ता भांडवलशाहीशी लढत नसतो. तो एका माणसाच्या हातून त्याचे औषध काढून घेत असतो. शोषितांनी ज्ञान नाकारावे असे समाजवादाने कधी सांगितलेले नाही. ज्ञानाची मालकी बदलावी, असे सांगितले आहे.

केवळ फुकट गोळी पुरेशी नाही

आता आक्षेपकांच्या बाजूने जे खरे आहे तेही नोंदवले पाहिजे. गोळी फुकट केली की प्रश्न सुटला, असे होत नाही. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५,८५५ विमाधारक रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना औषधे पूर्णपणे मोफत देण्यात आली. त्यांचे औषधातील सातत्य वाढले, पण ते चार ते सहा टक्क्यांनीच. किंमत हा अडथळा आहे. एकमेव अडथळा नाही.

दुसरा अडथळा भीतीचा. स्टॅटिनने स्नायू दुखतात, अशक्तपणा येतो, अशी समजूत सर्वदूर आहे. क्वचित काही रुग्णांना तसा त्रास खरोखर होतो आणि त्यांचे औषध बदलावे लागते. परंतु इंग्लंडमध्ये त्रासामुळे औषध सोडलेल्या ६० जणांना आळीपाळीने काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली हुबेहूब गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे ठेवून पाहिले. २०२० मध्ये निष्कर्ष आला: खऱ्या गोळीवर होणाऱ्या त्रासापैकी ९० टक्के त्रास नुसत्या खोट्या गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता. त्याचे कारण गोळीतील द्रव्य नव्हते. महत्त्वाचे पुढेच आहे. हे निष्कर्ष ज्याचे त्याला दाखवून समजावून सांगितल्यावर त्यांतील निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केले. म्हणजे माणसे हट्टी नाहीत. कोणी बसून, आकडे दाखवून, बरोबरीच्या नात्याने बोलले तर ती ऐकतात. दोन मिनिटांत पुढचा रुग्ण बोलावणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात हे बोलणार कोण?

याचे उत्तरही प्रयोगांनी दिलेले आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील ८०६ हृदयरुग्णांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरी परतलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा औषधातील सातत्य ९७ टक्के आढळले; नेहमीची सेवा मिळालेल्या रुग्णांत ते ९२ टक्के होते. कोलंबिया व मलेशियातील ३० वस्त्यांमध्ये झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तेथे डॉक्टर नसलेले आरोग्यसेवक, रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची मोफत औषधे आणि रुग्णाने स्वतः निवडलेला एक नातलग वा मित्र, या तिन्हींची जोड दिली होती. नेहमीच्या सेवेच्या मानाने हृदयविकाराचा अंदाजित धोका तेथे स्पष्टपणे अधिक घटला. औषध, माणूस आणि सोबत. या तीन पायांवर सातत्य उभे राहते. एक पाय काढला की तिपाई कलंडते.

महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाने हीच वाट दाखवली. सर्वांना एकच सोपी उपचारपद्धती, घराजवळच्या केंद्रात औषधांचा अखंड साठा, परिचारिकेकडून पाठपुरावा, आणि न आलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावण्याची यंत्रणा. जे रक्तदाबाला जमले, ते कोलेस्टेरॉलला का जमू नये? तीस वर्षांवरील लोकांच्या सरकारी तपासणीत रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग पाहिले जातात. कोलेस्टेरॉल त्यात नाही. जे मोजलेच जात नाही, त्याचे उपचार चालू राहिले की खंडित झाले, याची नोंद तरी कोण ठेवणार?

मागणी आणि काम

यातून ज्या मागण्या निघतात त्या स्पष्ट आहेत. स्टॅटिन व रक्तदाबाची औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत व एका वेळी तीन महिन्यांची मिळाली पाहिजेत, म्हणजे महिन्याची मजुरी वाचेल. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापून आणि राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबवून घाऊक खरेदीचा मार्ग दाखवला आहे. महाराष्ट्राने तो गिरवावा. ज्यांना धोका अधिक आहे त्यांची कोलेस्टेरॉल तपासणी सरकारी कार्यक्रमात यावी. आरोग्य विमा योजनांत बाह्यरुग्ण औषधांचा समावेश व्हावा. किमती उत्पादनखर्चावर ठरवाव्यात, औषधे मूळ नावाने लिहिली जावीत आणि त्याबरोबरच प्रत्येक सरकारी खरेदीच्या गुणवत्ता चाचणीचा अहवाल जाहीर व्हावा. कारण स्वस्त औषधावरचा अविश्वास हाही गोळी सुटण्याचे कारण असतो. अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळीची चाचणी २००९ मध्येच भारतातील ५० केंद्रांत झाली आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांना आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. सरकारी खरेदीत तिचा विचार व्हावा. आणि या साऱ्याचा भार ज्या आशा सेविकांच्या खांद्यावर येईल, त्यांना मानधन नव्हे, वेतन मिळाले पाहिजे. दुसऱ्याच्या औषधाचे सातत्य राखणाऱ्या स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीला सातत्य नसावे, हा विरोधाभास लाजिरवाणा आहे.

परंतु मागण्या करून थांबणे म्हणजे निवेदन देऊन घरी जाणे. कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येईल असेही बरेच आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील आरोग्य केंद्रात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन कोणती औषधे आहेत आणि कोणती नाहीत, याची नोंद ठेवावी. सहा महिन्यांची अशी वही शंभर भाषणांपेक्षा जड असते; ती जिल्हा परिषदेत टेबलावर ठेवता येते. कामगार संघटनांनी आपल्या सभासदांत कोणाला झटका येऊन गेला आहे, कोणाचे औषध सुटले आहे, हे विचारावे. रागावून नव्हे, चौकशी म्हणून. वस्तीतील चार रुग्णांपैकी एकाने आळीपाळीने चौघांची औषधे आणली, तर तिघांची मजुरी वाचते; सहकाराचे याहून साधे रूप शोधूनही सापडणार नाही. आणि कोणी 'गोळीने पाय दुखतात, म्हणून सोडली' असे सांगितले, तर त्याला मूर्ख न ठरवता डॉक्टरांकडे परत नेऊन दुसरा डोस वा दुसरे औषध मिळते का, हे पाहावे.

इंग्रजी वैद्यकाची जुनी परिभाषा रुग्णाच्या 'आज्ञापालना'विषयी बोलत असे. ती परिभाषा आता मागे पडली. नवी परिभाषा रुग्णाच्या संमतीने चालणाऱ्या सातत्याविषयी बोलते. शब्द बदलला, पण आज्ञा देण्याची सवय गेली नाही. सातत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आधी स्वतः सातत्य राखले पाहिजे. साठ्यात सातत्य, किमतीत सातत्य, दवाखान्यातील माणसाच्या हजेरीत सातत्य. शासनाने आपली ही तिहेरी मात्रा एक वर्ष न चुकता घ्यावी. मग रुग्णाच्या चुकलेल्या गोळ्या मोजावयास बसावे. तेव्हा मोजण्यासारखे फारसे उरलेले नसेल.